नळीतली हळद

निवृत्त माणसाला लग्नाच्या मांडवात कुणीतरी हमखास विचारतं, "आपण कुठं होता?" मी सांगतो, "प्रयोगशाळेत." समोरच्याला वाटतं, शास्त्रज्ञ भेटला. मग मी पुढचं सांगतो, "लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायचो," की गृहस्थ पंगतीकडे सरकतात. चौतीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका मोठ्या इस्पितळात मी हे काम केलं. त्याची लाज कधी वाटली नाही. उलट डॉक्टर मंडळी रुबाबात फिरायची, तेव्हा मी मनात म्हणायचो, आमच्या चिठ्ठीशिवाय तुमचं घोडं एक पाऊल पुढे जाऊ दे बघू.

पण आज रक्ता-थुंकीचं सांगायचं नाही. सांगायचं आहे ते पाठीतल्या पाण्याचं, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीचं.

आपला मेंदू कवटीत कोरडा बसलेला नसतो. त्याच्याभोवती, आणि तिथून खाली पाठीच्या कण्यात कमरेपर्यंत, एक नितळ पाणी असतं. पुस्तकात त्याला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. हा शब्द मी आयुष्यात एकदाच उच्चारला, नोकरीच्या मुलाखतीत, आणि तेव्हाही मधेच अडखळलो. आम्ही सीएसएफ म्हणायचो, पेशंट म्हणायचे पाठीतलं पाणी. मेंदूच्या आवरणाला सूज आली, डोक्यात रक्तस्राव झाला, की पहिली चुगली हे पाणी करतं. निरोगी माणसाचं पाणी इतकं स्वच्छ असतं, की नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर बारीक अक्षरही वाचता येतं. माझ्या गुरूंनी मला तसंच शिकवलं होतं आणि त्यासाठी टेबलावर कायम एक जुना अंक पडलेला असायचा.

हे पाणी काढायचं म्हणजे पेशंटला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या दोन मणक्यांमधून लांब सुई घालायची. थेंब थेंब नळीत पडू द्यायचा. सुई जिथं जाते तिथं मज्जारज्जू संपलेली असते, त्यामुळे पाय लुळे पडण्याची भीती फोल आहे. पण ही सुई घालायची वेळ येते तीच माणूस अत्यवस्थ झाल्यावर. त्यातले काही वाचत नाहीत आणि बोल सुईला लागतो. आमच्याकडे गावोगाव एकच वाक्य तयार असायचं, "पाठीतलं पानी काढलं आन् मानूस गेला."

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत विद्यापीठातून वसुधा मॅडम आमच्याकडे येऊ लागल्या. पीएच.डी.चं संशोधन करत होत्या. बारीक चणीच्या, चपला झिजलेल्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला घड्याळ विसरायला लावणाऱ्या. त्यांचा प्रश्न सरळ होता. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरले, की सुरुवातीला ताप आणि डोकेदुखीपलीकडे काही दिसत नाही. जंतू वाढवून पाहायचे तर सहा-सात आठवडे लागतात आणि पेशंटकडे तेवढे दिवस नसतात. मग पाण्यातलंच एखादं एंझाइम मोजून एका दिवसात निदान करता येईल का? यासाठी त्यांना आजाऱ्यांचं पाणी हवं होतं, आणि ताडून पाहायला निरोग्यांचंही.

आता निरोगी माणूस पाठीत सुई कशाला घालून घेईल? त्यावर तोड निघाली. हर्नियाच्या ऑपरेशनला कमरेत भूल देतात, तेव्हा सुईतून चार थेंब आपसूक येतात. ते संमतीने घ्यायचे. शेवगावच्या एका गुरुजींनी असे थेंब दिले आणि पुढे वर्षभर मला भेटले की विचारायचे, "काय कदम, आमचं पाणी पास झालं का?" मी म्हणायचो, "गुरुजी, पहिल्या वर्गात." ते समाधानाने मान हलवायचे. जन्मभर दुसऱ्यांना मार्क दिलेल्या माणसाला स्वतःच्या मार्कांची केवढी ओढ असते!

नमुने पुण्याला न्यायचे कामही माझ्याकडे आलं. थर्मासमध्ये बर्फ भरून, त्यात छोट्या नळ्या खोचून, मांडीवर घेऊन एसटीने जायचं. एकदा सुप्याच्या पुढे शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुल्फी हाय का?" मी खरं सांगितलं. त्या उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, त्या पुण्यापर्यंत.

मॅडमची एक शिस्त होती. संमतीचा कागद नुसता अंगठ्यासाठी पुढे करायचा नाही, पेशंटला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. मी राहुरीचा, खेड्यातला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. हळूहळू माझं एक ठरलेलं भाषण तयार झालं. "पाणी एकदाच काढायचं. तीन नळ्या इस्पितळाच्या, तुमच्या तपासणीसाठी. चौथी विद्यापीठाची. तिचा तुम्हाला उपयोग नाही, उद्या दुसऱ्या कुणाला होईल. आणि एक थेंब वाया जाणार नाही, हा माझा शब्द." शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. ते माझ्या पदरचं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बुधाजीबाबा आपल्या सुनेला, मंदाला, घेऊन आले. गाव अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, भंडारदऱ्याच्या पलीकडे. तीन आठवडे ताप, डोकं दुखून भिंतीवर आपटायची, आणि दोन दिवसांपासून माणसं ओळखत नव्हती. मंदाचा नवरा दोन लहान पोरांपाशी घरी थांबला होता. बाबा साठीचे, उंच, वाळलेले, डोक्याला लाल मुंडासं. सुईचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

"न्हाई साहेब. आमच्या वाडीतल्या चिमाबाईचं काढलं हुतं. परत आलीच न्हाई ती. पोरीला औषिद द्या, सलाईन लावा, पन पाठीला हात लावू नका."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. चिमाबाई सुईने गेली नाही, आजाराने गेली, हे तासभर समजावलं. ते जमिनीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "एकदाच काढनार ना?"

"एकदाच."

"वाया न्हाई जानार?"

"एक थेंब नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगठा दिला.

तो दिवस खंडेनवमीचा. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, ओव्हन, सगळं पुसून मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं, पेढे वाटायचे. हे माझं खास खातं. ज्यांच्यावर पोट चालतं त्यांना वर्षातून एकदा नमस्कार करावा, यात मला अजूनही काही गैर वाटत नाही. त्या वर्षी मॅडमच्या कामासाठी नवं नळ्यांचं स्टँड आलं होतं. धुऊन वाळवलेल्या नळ्या त्यात तोंडं वर करून उभ्या होत्या, कापसाचे बोळे लावायचे राहिले होते. नवी वस्तू, पहिलीच नवमी, म्हणून मी त्याच्यावर हळदीची चांगली चिमूट वाहिली. कुंकू घ्यायला हात नेला, तोच वॉर्डातून सिस्टरचा फोन, "कदम, नळ्या घेऊन या, डॉक्टर सुई घालतायत."

जंतू वाढवायची निर्जंतुक बाटली कपाटातली घेतली. बाकी तीन नळ्या हाताशी होत्या त्या, त्या नव्या स्टँडातल्या, उचलल्या आणि पळालो.

बाबा दारात उभे राहून एकेक थेंब मोजत असल्यासारखे बघत होते, म्हणून डॉक्टरांनी गरजेपुरतंच पाणी काढलं. मी नळ्या आणल्या, वर्तमानपत्र मागे धरलं. अक्षरं दिसली, पण पिवळसर. पेशी मोजताना दोन-चार पिवळे कणही दिसले. गाळ असेल म्हणून मी ते सोडून दिले. सूक्ष्मदर्शक मला सांगत होता आणि मी, त्याला सकाळी नमस्कार केलेला माणूस, ऐकत नव्हतो. चिठ्ठीवर लिहिलं, रंग: पिवळा.

पिवळं पाणी म्हणजे डोक्यात जुना रक्तस्राव असण्याची शक्यता. आमच्याकडे डोक्याचा स्कॅन नव्हता. डॉक्टरांनी ठरवलं, पुण्याला हलवायचं, कदाचित ऑपरेशन. बाबांनी नगरहून एक जीप ठरवली. मंदा बेशुद्धीच्या काठावर, रस्ता चार-पाच तासांचा, आणि मूळ आजार क्षयाचा असेल तर औषध आणखी लांबणार. हे सगळं माझ्या एका शब्दावर चाललं होतं.

चारच्या सुमारास घरी निघायचं म्हणून मी साबणाने हात धुवायला लागलो. नखांच्या कडा लालभडक झाल्या. हे मी हजारदा पाहिलेलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याकडे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मी नळ बंद केला. नवं स्टँड डोळ्यांपुढे आलं. उघडी तोंडं आणि माझी चिमूट.

मंदाच्या नळीच्या तळाशी राहिलेल्या थेंबात मी सोड्याचं पाणी टाकलं. थेंब लाल झाला.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पहिला विचार आला तो असा, की नळी फुटली म्हणून सांगावं. आमच्या धंद्यातली ही सर्वांत जुनी सबब. काच ती काच, कुणी शंका घेत नाही. पुन्हा पाणी काढतील आणि सगळं झाकून जाईल. पण नळी फुटली म्हटलं तर बाबा दुसऱ्यांदा कशाला तयार होतील? जीप दारात होती. आणि पिवळ्या पाण्याची ती चिठ्ठी मंदाबरोबर पुण्याला गेली असती.

आधी आमच्या साहेबांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला तू सांगायचंस. मी नाही." बरोबरच होतं.

बाबा जीपमध्ये गोधडी अंथरत होते. मी म्हणालो, "बाबा, पाणी पिवळं नव्हतं. माझ्या हातची हळद नळीत पडली. चूक माझी आहे. पुन्हा काढावं लागेल."

त्यांना आधी कळेना. "हळद? दवाखान्यात हळद कशाला?"

"नवमी आहे ना. यंत्रांची पूजा केली."

त्यांनी हातातली गोधडी खाली ठेवली. त्यांनी मला मारलं असतं तर मी ते निमूट सोसलं असतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पूजा आमीबी करतो, साहेब. इळ्याची, कुऱ्हाडीची, समद्याची करतो. पन इळ्याला हळदकुकू लावलं तरी भात सोंगाया घ्यायच्या आदी तो पुसतो आमी. एवढं तं आडान्यालाबी कळतंय."

मी मान खाली घातली. चौदा वर्षांची नोकरी, भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट, आणि विळा पुसायची अक्कल मला त्या जीपपाशी मिळाली.

"शब्द दिल्ता तुमी," ते म्हणाले.

"दिला होता. मोडला."

त्यांनी जीपकडे पाहिलं, वॉर्डाच्या खिडकीकडे पाहिलं. "खोटं बोलला आस्ता तं पोरीला घिऊन गेलो आसतो," ते म्हणाले. "चला. पन नळ्या मी बघनार."

मी निर्जंतुक डबा उघडून नळ्या त्यांच्यापुढे धरल्या. हात न लावता, एक डोळा मिटून, त्यांनी प्रत्येक नळीत वाकून पाहिलं. बियाण्याचं मडकं तपासावं तसं. त्यांचं बघून होईपर्यंत डॉक्टरही थांबले. तीन नळ्या भरल्यावर मी डबा मिटू लागलो, कारण मॅडमचा नियम मला माहीत होता. दुसऱ्यांदा काढलेलं पाणी फक्त पेशंटसाठी, संशोधनाला नाही. बाबा म्हणाले, "चौथी कुटं हाय?"

"ती नको बाबा."

"नको कशी? तुमीच म्हनला, दुसऱ्या कुनाला कामी येईल. दुसऱ्याची सून ती सूनच की. भरा."

चौथी भरली. मी सुईकडे बघतच नव्हतो.

या वेळी वर्तमानपत्राची अक्षरं स्वच्छ दिसली. क्षयाच्या आजारात एक जुनी, साधी परीक्षा आहे. नळी रात्रभर न हलवता ठेवायची. सकाळी पाण्यात वरून खाली कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक तंतू लोंबताना दिसला, तर त्यात जंतू अडकलेले असतात. दसऱ्याची सुट्टी होती, तरी मी सातला प्रयोगशाळेत होतो. दारातून आत आलो तोही पाय न वाजवता. जाळं होतं. ते काचेवर घेऊन, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि साडेअकराला पहिला लाल जंतू सापडला. दुसऱ्यांचे जंतू पाहून मला आनंद झाला असा तो आयुष्यातला एकमेव दसरा. धावत वॉर्डात गेलो. दुपारच्या आत मंदाची क्षयाची औषधं सुरू झाली.

आठव्या दिवशी तिने बाबांना ओळखलं. "पोरं कुटं हायती?" हे तिचं पहिलं वाक्य. बाबा मुंडाशाने डोळे पुसत मला शोधत आले आणि एवढं सांगून परत गेले.

पुढच्या खेपेला मॅडम आल्या, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी वही काढून पहिल्या नमुन्यापुढे लिहिलं, "रद्द. हळद." मग म्हणाल्या, "कदम, पाण्यात प्रथिनं जास्त असली की हळदीचा रंग त्यात मुरतो. तुमची चूकही आजाराचीच खूण सांगत होती." माझं समाधान करायला म्हणाल्या असतील. दुसऱ्या वेळच्या चौथ्या नळीबद्दल त्या मला बोलल्या, रागावल्या, आणि मग स्वतः वॉर्डात जाऊन बाबांना कागद पुन्हा वाचून दाखवला. तेव्हा कुठे ती नळी थर्मासमध्ये गेली.

मंदा वाचली, पण तिचा डावा कान गेला. आजाराने गेला, की त्या काळच्या इंजेक्शनांनी, की माझ्यामुळे वाया गेलेल्या दुपारने, हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणायचे, पहिली दोन कारणंच खरी. मी त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. अजून करतो.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी पूजा केली नाही. सहकाऱ्यांना वाटलं, विसरलो. टेबल रोजच्यासारखं उघडं होतं. अकराच्या सुमारास दारात लाल मुंडासं दिसलं. मंदाची शेवटची तपासणी होती. ती मागे उभी होती, अंगाने भरलेली, हातात नव्या तांदळाची पिशवी. बाबांनी टेबलाकडे पाहिलं.

"यंतराला फूल न्हाई?"

"या वर्षी नाही केली, बाबा."

"का?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी मुंडाशात खोचलेलं झेंडूचं फूल काढून सूक्ष्मदर्शकापुढे ठेवलं आणि मंदाला म्हणाले, "लाव गं हळदकुकू. ह्यानंच धरला तुझा आजार." माझ्या कपाटात करंडा होताच. तिने सूक्ष्मदर्शकाच्या पायाला बोट लावलं, नमस्कार केला. बाबांनी लगेच खांद्यावरचं धुतलेलं फडकं काढून तो पाया कोरडा पुसून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता लावा डोळा."

मंदाला मी हात धुवायला बेसिनपाशी नेलं. तिने साबण लावला, बोटांवरची हळद लाल झाली, आणि ती ते बघून हसली. सगळ्यांपुढे मी चूक कबूल केली होती. साहेबांपुढे, बाबांपुढे, मॅडमपुढे. जिच्या पाठीत दोनदा सुई गेली तिला मात्र कधीच सांगितलं नव्हतं. मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो. "मला माफ कर, बाई," मी म्हणालो.

तिने मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हनलात, भाऊ?"

पुन्हा म्हणायचं धाडस मला झालं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "नखांतली हळद नीट काढ."